सांडवा मोकळा ठेवा: लहान मातीच्या धरणांचा कारभार पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गावोगावच्या लहान मातीच्या धरणांची देखभाल ज्यांच्याकडे सोपवलेली आहे ते अभियंते, स्थानिक प्रशासनाचे अधिकारी आणि पाणी वापर संस्थांचे पदाधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

पावसाळ्यातील एका पहाटे आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला असलेल्या धरणाच्या सांडव्याशी, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेशी, मी उभा होतो. रात्रभर पाऊस झाला होता. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडावर कोणीतरी जाळी ताणून बसवली होती आणि तिच्यात वाळक्या फांद्या, गवताचे पुंजके आणि पालापाचोळा अडकून कमरेएवढा बांधच तयार झाला होता. जाळीच्या मागे, सांडव्याच्या उंबरठ्यावर, एकावर एक तीन फळ्या रचलेल्या होत्या आणि त्यांच्या फटी चिंध्या कोंबून मातीने लिंपलेल्या होत्या. एरवी भरावाच्या माथ्यापासून बरेच खाली दिसणारे पाणी त्या पहाटे जेमतेम दोन हातांवर आले होते. आम्ही सात-आठ जणांनी दोर बांधून जाळी ओढून काढली; फळ्यांवर मात्र पाण्याचा रेटा इतका होता की त्या जागच्या हलेनात. पाऊस थांबला म्हणून त्या दिवशी काही झाले नाही.

त्या फळ्या ज्यांनी लावल्या त्यांच्या मनात काही वाईट होते असे मी मुळीच म्हणत नाही. उन्हाळ्यात पाणी पुरावे, आणखी चार शेतांना एक पाळी जास्त मिळावी, एवढाच त्यांचा हेतू होता, आणि तो हेतू समजण्यासारखा आहे. माझे सांगणे इतकेच आहे की सांडव्याच्या वर जी जागा त्यांना रिकामी आणि वाया गेलेली दिसली, ती धरण बांधणाऱ्यांनी पुरासाठी मुद्दाम राखून ठेवली होती. त्या जागेचे काम पाणी साठवून ठेवणे हे नसून पाणी काही तास थोपवून धरणे हे आहे. या एका गोष्टीची जाणीव आपल्या कारभारातून हरवत चालली आहे, असे मला वाटते, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

लहान धरण पूर कसा थोपवते हे आपणांस मी सांगावे असे नाही, तरीही एक साधा हिशेब इथे मांडतो, कारण तो ग्रामस्थांसमोर फारसा कधी मांडला जात नाही. दोनशे हेक्टर पाणलोट क्षेत्रावर पडलेल्या पावसापैकी ५० मिलिमीटर पाणी जमिनीत न मुरता ओढ्यात उतरले, तर ते १ लाख घनमीटर होते. तलावाचा वरचा पसारा १० हेक्टर असेल तर त्याच्या पातळीतील १ मीटर उंचीत नेमके तेवढेच पाणी मावते. म्हणजे वरचा एक मीटर मोकळा असेल तर संपूर्ण पाणलोटातून आलेला तो लोंढा तलावात सामावतो आणि खाली ओढ्यात हळूहळू, काही तासांत किंवा काही दिवसांत, उतरत जातो. त्याच ठिकाणी अर्धा मीटर उंचीच्या फळ्या लावून पाणी अडवले की ५० हजार घनमीटर जागा आधीच भरलेली असते आणि पुरासाठी निम्मीच उरते.

यापेक्षाही गंभीर परिणाम सांडव्याच्या वहनक्षमतेवर होतो, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सांडव्यावरून जाणारे पाणी उंबरठ्यावरील पाण्याच्या उंचीच्या सरळ प्रमाणात वाढत किंवा घटत नाही. उंचीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात बदलते. वीस मीटर लांबीच्या रुंद उंबरठ्याच्या सांडव्यावरून एक मीटर उंचीचे पाणी वाहत असेल तर सेकंदाला साधारण ३४ घनमीटर पाणी निघून जाते. भरावाचा माथा आहे तिथेच राहिला आणि उंबरठा फळ्यांमुळे अर्धा मीटर वर आला, तर पाण्याला वाहायला अर्धाच मीटर मिळतो आणि विसर्ग सेकंदाला १२ घनमीटरवर येतो. उंची निम्मी झाली, विसर्ग मात्र जवळपास एकतृतीयांशावर आला. उरलेले २२ घनमीटर पाणी दर सेकंदाला तलावातच साठत राहते, पातळी चढत राहते आणि शेवटी ते माथ्यावरून वाट काढते. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की खालच्या उतारावरची माती धुपून घळ पडते, घळ माथ्याकडे सरकत जाते आणि मग ते धरण वाचवणे माणसाच्या हातात राहत नाही. दगडी किंवा काँक्रीटचे धरण माथ्यावरून गेलेले पाणी काही वेळ सहन करू शकते. मातीच्या भरावाला तेवढी सवलत नसते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधील साउथ फोर्कच्या मातीच्या धरणात हीच चूक घडली होती. एका धनिक क्लबने ते तलावासाठी विकत घेतले, गाड्या समोरासमोरून सहज जाव्यात म्हणून भरावाचा माथा काहीसा खाली घेतला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. तळातून पाणी सोडण्याचे लोखंडी नळ त्याआधीच्या मालकाच्या काळात काढून विकले गेले होते आणि ते पुन्हा बसवलेच नाहीत, त्यामुळे पातळी खाली आणण्याचा मार्गच राहिला नव्हता. ३१ मे १८८९ रोजी मोठा पाऊस झाला, जाळ्यांत ओंडके अडकले, पाणी माथ्यावरून गेले आणि खालच्या जॉन्सटाउन शहरातील २,२०९ माणसे मरण पावली. ते धरण सुमारे २२ मीटर उंच होते, म्हणजे आपल्या तलावांच्या मानाने मोठे. परंतु सांडव्यावरच्या जाळीचा आणि माथ्याच्या उंचीचा नियम धरण मोठे असो वा लहान, बदलत नाही. त्या पहाटे जाळीला हात लावताना माझ्या मनात हेच होते.

मोकळी जागा राखून काय साधते याचेही उदाहरण त्याच देशात आहे. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यानंतर आणि पुढे १९५४ च्या पाणलोट संरक्षण कायद्यानुसार तिथे उपनद्यांच्या आणि ओढ्यांच्या वरच्या टोकांना ११ हजारांहून अधिक लहान धरणे बांधली गेली; ओक्लाहोमातील क्लाउड क्रीकवरचे पहिले धरण १९४८ मध्ये पूर्ण झाले. त्यांतील बहुतेक मातीची आहेत. त्यांच्या रचनेत तळाची थोडी जागा गाळासाठी ठेवलेली असते, तिच्या वरची मोठी जागा पुरासाठी रिकामी असते आणि भरावाखालून जाणारा ठराविक व्यासाचा नळ ती जागा पूर ओसरल्यावर आपोआप रिकामी करतो. दरवाजा उघडायला रात्री कोणी धावत जावे लागत नाही, की पाणी केव्हा सोडायचे याचा वाद होत नाही. अतिवृष्टी झालीच तर भरावाच्या बाजूला मूळ जमिनीत खोदलेला, हिरवळ राखलेला रुंद सांडवा कामी येतो. यातील कितीतरी धरणे ५० वर्षांचे आयुष्य गृहीत धरून आखली होती आणि ती मुदत उलटून गेल्याने त्यांच्या दुरुस्तीचा मोठा प्रश्न तिथे उभा आहे. पण एवढी वर्षे ती पुराला थोपवू शकली याचे कारण त्यांची पूरजागा रिकामी राहील अशी व्यवस्था रचनेतच केलेली होती.

सिंचनासाठी बांधलेल्या आपल्या लहान तलावांकडून अगदी त्याच कामाची अपेक्षा करता येणार नाही, हे मला मान्य आहे. पाणी साठवणे हा त्यांचा मुख्य उद्देश आहे आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते भरलेलेच असणार. तरीही भरलेला तलावसुद्धा काही प्रमाणात पूर मंदावतो, कारण सांडव्यावरून पाणी वाहू लागण्यासाठी आधी पातळी चढावी लागते आणि तेवढ्या चढाईत संपूर्ण पसाऱ्यावर पाणी पसरते. पुराच्या ऐन भरातला विसर्ग त्यामुळे कमी होतो आणि उशिरा खाली पोहोचतो. खालच्या वाडीला घरातले धान्य वर उचलायला, गुरे सोडायला आणि म्हाताऱ्या माणसांना उंचावर न्यायला तो उशीर पुरतो. मात्र धरणापासून जसजसे खाली जावे तसतसा हा उपयोग कमी होत जातो, कारण मधल्या ओढ्यांचे पाणी येऊन मिळते. दिवसचे दिवस चाललेल्या पावसात एक लहान तलाव मोठ्या नदीचा पूर अडवू शकत नाही, आणि तसे आश्वासन लोकांना कोणी देऊही नये.

आता माथ्याकडून पायथ्याकडे येतो, कारण मातीची धरणे जशी वरून पाणी जाऊन फुटतात तशीच आतून पोखरली जाऊनही फुटतात. मातीच्या भरावातून थोडा पाझर होणारच. तो पूर्ण बंद करता येत नाही आणि तशी गरजही नसते. चिकणमातीचा गाभा, त्याला दोन्ही बाजूंनी मुरमाचे आवरण, खालच्या बाजूला वाळू-खडीची गाळणी आणि पायथ्याला दगडांचा थर ही सारी मांडणी पाझरलेले पाणी मातीचा कण न हलवता बाहेर काढण्यासाठीच असते. त्यामुळे किती पाणी झिरपते याइतकेच ते पाणी कसे आहे हेही पाहावे लागते. मी दर पावसाळ्यात पायथ्याशी एकाच जागी पांढरी वाटी धरून पाझराचे पाणी घेतो आणि ती उन्हात ठेवतो. वाटीचा तळ स्वच्छ दिसला तर मनाला दिलासा मिळतो. तळाशी बोटाला जाणवेल असा बारीक मातीचा थर बसला, तर भरावाच्या आतून माती बाहेर येत आहे असे समजावे. पाझर वाढत गेला, गढूळ झाला, किंवा कोरड्या जागी नव्याने ओल आली आणि तिथे भर उन्हाळ्यात हिरवे गवत दिसू लागले, तर त्याच दिवशी अभियंत्याने येऊन पाहिले पाहिजे. एकदा भरावात नळीसारखी वाट पडली की ती खालच्या बाजूकडून तलावाकडे वाढत जाते आणि शेवटचा टप्पा काही तासांतच संपू शकतो.

भरावाखालून जाणारा पाणी सोडण्याचा मार्ग, म्हणजे विमोचक, ही या बाबतीतली सर्वांत नाजूक जागा. नळाच्या कडेने माती नीट दाबली जात नाही आणि पाणी त्या सांध्याला धरून वाट शोधते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हाही भराव खचत गेला तो अपुऱ्या राहिलेल्या विमोचकाच्या भागातच. ते धरण मोठे होते आणि त्याचे बांधकाम पूर्ण झालेले नव्हते, म्हणून त्याची तुलना जुन्या लहान तलावाशी सर्वार्थाने होणार नाही, पण विमोचकाच्या जागेबद्दलचा धडा तोच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील लहान धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालची वाडी वाहून गेली. गळती होत असल्याचे ग्रामस्थ आधीपासून सांगत होते. पायथ्याशी राहणारा माणूस जे रोज डोळ्यांनी पाहतो त्याची नोंद घेणारी वही कुठल्यातरी कार्यालयात असायला हवी आणि त्या वहीत उत्तराचा रकानाही हवा.

भरावावरची झाडे हा आणखी एक जिव्हाळ्याचा विषय. झाड लावणे हे पुण्याचे काम आहे, पण ते भरावावर नको. मुळे खोल जातात, झाड मेले की ती कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. वादळात झाड उन्मळले तर भरावाचा लचका निघतो. उंदीर-घुशींची आणि खेकड्यांची बिळे, गुरांच्या रोजच्या वाटेने आणि वाहनांनी माथ्यावर पडलेले खळगे यांचेही तसेच. माथ्यावर एका ठिकाणी जरी हातभर खळगा असला तरी पाणी आधी तिथूनच ओसंडणार, मग बाकीचा माथा कितीही उंच असो. भरावावर आखूड गवत असावे, म्हणजे माती धरून ठेवली जाते आणि पाहणी करताना ओल व भेगा दिसतात.

गाळ काढण्याच्या कामांबद्दलही एक विनंती आहे. गाळ फक्त तळाशी बसतो अशी समजूत असते, परंतु ओढा तलावात शिरतो त्या तोंडाशीच जाड वाळू आणि रेव पडते आणि तो थर चढत जाऊन पुराची जागाही व्यापतो. म्हणून गाळ काढणे आवश्यकच आहे. मात्र तो काढताना भरावाच्या आतल्या पायथ्याला यंत्रे लावू नयेत. तिथला चिकण थर वर्षानुवर्षे साचून पाझर रोखत असतो, तो खरवडला तर पाया उघडा पडतो. त्याचप्रमाणे भीतीपोटी तलाव एकाएकी रिकामा करण्याचेही टाळावे. पाणी झपाट्याने उतरले की भरावात मुरलेल्या पाण्याचा दाब आतच राहतो आणि आतला उतार घसरू शकतो. प्रत्यक्ष धोका समोर असताना पातळी उतरवावीच लागते, पण ती किती वेगाने उतरवायची हे अभियंत्याने ठरवायचे आहे.

धरण लहान म्हणून धोका लहान, या समजुतीने मोठे नुकसान केले आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील केली बार्न्स हे धरण १२ मीटरही उंच नव्हते. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर ते फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या आवारात झोपलेल्यांपैकी ३९ जणांचा जीव गेला. कायदे मात्र बहुधा उंचीकडे पाहतात. भारताच्या २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणे येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणे माथ्याची लांबी, साठा, पुराचा विसर्ग अशा ठराविक अटींपैकी एखादी पूर्ण करत असतील तरच येतात. १० मीटरपर्यंतची बहुसंख्य धरणे त्या कक्षेबाहेरच राहतात. ब्रिटनमध्ये १९२५ साली वेल्समधील डॉलगॅरॉग गावात वरचे एक धरण फुटून त्या लोंढ्याने खालचा मातीचा बांध फोडला, १६ जण दगावले आणि त्यानंतर १९३० मध्ये जलाशय सुरक्षेचा कायदा झाला. पुढे १९७५ च्या कायद्यातही मर्यादा उंचीवर नव्हे तर साठ्यावर, २५ हजार घनमीटरवर ठेवली गेली आणि वेल्सने २०१६ मध्ये ती १० हजार घनमीटरपर्यंत खाली आणली. माझ्या मते हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे, कारण खालच्या माणसाला धरणाची उंची बुडवत नाही, त्याच्यामागचे पाणी बुडवते. डॉलगॅरॉगची घटना आणखी एक गोष्ट दाखवते: एकाच ओढ्यावर वर-खाली तलाव असतील तर वरच्याची हयगय खालच्यालाही घेऊन जाते, म्हणून त्यांची पाहणी आणि त्यांच्या सांडव्यांचा हिशेब एकत्रच व्हायला हवा.

एका बाबतीत मी आम्हा ग्रामस्थांनाही दोष देतो. तलाव झाल्यावर खालचा ओढा वर्षानुवर्षे शांत राहतो आणि आम्ही त्याच्या काठावर, कधी थेट पात्रात, घरे, गोठे आणि कुंपणे उभी करतो. सांडव्याच्या पुढचा नालासुद्धा नांगरून शेतात घेतला जातो. धरण बांधले तेव्हा खाली माळरान होते म्हणून सांडवा साध्या हिशेबाने आखला गेला असेल. आता तिथे वस्ती आहे, तर तो हिशेब पुन्हा मांडावा लागेल. परवानगी देणाऱ्यांनी बांधकामाला परवानगी देण्यापूर्वी वरच्या धरणाचे नाव आणि सांडव्याच्या पाण्याची वाट नकाशावर पाहावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

आपणांकडून मागणे थोडे आहे आणि त्यात मोठ्या खर्चाचे काही नाही. प्रत्येक लहान धरणाची जबाबदारी कोणत्या कार्यालयाकडे आहे हे त्या धरणाशीच ठळक अक्षरांत लिहिलेले असावे, कारण तक्रार कोणाकडे न्यायची हेच आज अनेकदा कळत नाही. सांडव्याच्या उंबरठ्याची मूळ पातळी भिंतीवर रंगाने आखून ठेवावी, म्हणजे तिच्या वर ठेवलेली एक वीटही कोणाच्याही लक्षात येईल; आणि फळ्या, पोती, जाळी लावण्यास संपूर्ण मनाई असावी. ज्यांना जादा पाणी हवे आहे त्यांची मागणी रास्त असेल तर तिचा विचार भराव उंच करून आणि सांडवा नव्याने आखून, अभियंत्यांच्या देखरेखीखाली व्हावा. पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा, मोठ्या पावसानंतर दरवेळी आणि पावसाळा संपल्यावर एकदा भरावाची पायी चालत पाहणी व्हावी. विमोचकाचा दरवाजा वर्षातून किमान एकदा पूर्ण उघडून-मिटवून पाहावा. गंजून अडकलेला दरवाजा ऐन पुरात उघडत नाही. खालच्या प्रत्येक घराला रात्रीच्या वेळी कोण आणि कसे कळवणार, आणि कोणत्या उंचवट्यावर जायचे, हे आधी ठरवून एकदा प्रत्यक्ष चालून पाहिलेले असावे.

पाहणीला याल तेव्हा पायथ्याशी राहणाऱ्या दोन-चार जणांना सोबत घ्यावे. कोणत्या दगडाखालून पाणी येते, ते कोणत्या महिन्यात सुरू होते आणि यंदा ते गेल्या वर्षीपेक्षा किती आधी आले, हे ते आपणांस जागेवर उभे राहून दाखवतील. आमच्या धरणाच्या सांडव्यावरच्या त्या फळ्या पुढे पाणी उतरल्यावर निघाल्या आणि जाळीही पुन्हा लागलेली नाही, मात्र फळ्या बसवण्यासाठी दोन्ही कडांना कोरलेल्या खाचा अजून तशाच आहेत. त्या येत्या पावसाळ्यापूर्वी सिमेंटने बुजवून घ्याव्यात, ही या पत्रातील सर्वांत लहान आणि माझ्या दृष्टीने सर्वांत तातडीची विनंती आहे.

आपला नम्र,
धरणाच्या खालच्या वस्तीतील एक रहिवासी